तपासणीचा सेट

सप्तधारा नर्सिंग होम तपासणीत पास झालं. अठ्ठेचाळीस रकाने होते, अठ्ठेचाळीसही रकान्यांत 'होय' पडलं, आणि नोंदणीचा नवा कागद पंधरा दिवसांत काचेच्या चौकटीत लागला. पण ते राहू द्या. असं काही अजून झालेलंच नाही. अजून सकाळचे सव्वादहाच वाजलेत, अकोल्यात एप्रिल तापायला लागलाय, आणि मोईज मालवाहू रिक्षातून ऑक्सिजनचा काळा सिलिंडर मांडीवर टेकवत खाली उतरवतो आहे.

"सिस्टर, दार धरजो जरा," तो म्हणाला.

आचलने दार धरलं. इस्त्रीचा पांढरा ड्रेस चुरगळू नये म्हणून ती पुढच्या सीटवर वर्तमानपत्र अंथरून, अंग आखडून बसून आली होती. तिच्याजवळ नर्सिंगचं खरंखुरं रजिस्ट्रेशन होतं, आणि म्हणूनच ती सेटमध्ये होती.

सेट म्हणजे तपासणीचा सेट. मोईजचे चाचा इनायतुल्ला यांचं बिछायत केंद्र तीस वर्षं लग्नांना गाद्या, खुर्च्या आणि पातेली पुरवत आलं होतं. खाजगी दवाखान्यांच्या नोंदणीचे नियम कडक झाले, तेव्हा एका डॉक्टरने चाचांकडे कचऱ्याच्या चार रंगांच्या चार बादल्या मागितल्या, त्याही फक्त एका दिवसासाठी. चाचांना त्यात वावगं काही वाटलं नाही. लग्न एका दिवसाचं असतं म्हणून कुणी दोनशे खुर्च्या विकत घेऊन ठेवत नाही. तपासणीही एकाच दिवसाची. मग बादल्यांच्या मागोमाग आग विझवायचं नळकांडं आलं, रुग्णांच्या हक्कांचा फलक आला, तातडीच्या औषधांचा ट्रे आला, कुलूप लावलेली तक्रारपेटी आली, आणि शेवटी आचल आली. या महिन्यात ती नऊ दवाखान्यांत एकाच वेळी पूर्णवेळ नोकरीला होती.

घोळ असा एकदाच झाला. मूर्तिजापूरच्या एका लग्नात सजावटीच्या सामानाबरोबर रुग्णांच्या हक्कांचा फलक गेला आणि दिवसभर नवरा-नवरीच्या मागे उभा राहिला. फोटोंत तो अजून आहे. कुणाची तक्रार आली नाही.

सिलिंडर रिकामा असायचा. त्यात फसवणूक अशी नव्हती. सुरक्षिततेच्या बाबतीत चाचा फार कडक होते. वैशाखाच्या उन्हात भरलेला सिलिंडर रिक्षात घालून गावभर हिंडवायचा म्हणजे लोकांच्या जिवाशी खेळ, असं ते म्हणायचे. फक्त रिकाम्या सिलिंडरचा काटा शून्यावर पडून राहतो, ते काही बरं दिसत नाही. म्हणून मोईजने मीटरची काच काढून काटा हिरव्या पट्ट्यात आणला होता आणि गोंदाने चिकटवला होता. काम सुबक झालं होतं. त्यानंतर सोळा तपासण्या झाल्या, काटा तसूभर हलला नाही.

तो सिलिंडर चाकांच्या गाड्याला बांधत होता तेव्हा रस्त्यावरून एक ऑटो पुढे निघून गेली, करकचून थांबली, आणि उलटी येत येत दारापाशी लागली. मागच्या सीटवर साठीतली एक बाई समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसली होती. तिचे खांदे वर-खाली होत होते आणि प्रत्येक श्वासाला आत कुठेतरी बारीक शिट्टी वाजत होती. तिचा नवरा खाली उतरला. त्याने मोईजकडे पाहिलं नाही. सिलिंडरकडे पाहिलं.

"ऑक्सिजन हाय न इथं?"

"बाबा, सरकारी दवाखान्यात न्या त्याईले. दहा मिन्टाचा रस्ता हाय."

"तिकडंच चाललो होतो ना. पातूर सोडलं तवापासून इचा जीव घाबरून राहिला. मले दम नाई, मले दम नाई, एवढंच म्हनते. अन् इथं पाह्यतो तं दारातच ऑक्सिजन उतरून राहिला." त्याने मळक्या दुपट्ट्याने तोंड पुसलं आणि ऑटोवाल्याकडे वळला. "तू जाय बावा. भेटला दवाखाना."

"बाबा, आयका तं—"

ऑटो गेली. ती वळणावर दिसेनाशी होते न होते तोच पांढरी जीप फाटकात शिरली.

सप्तधाराचे डॉ. गुल्हाने पायऱ्या उतरून तपासणी पथकाच्या स्वागताला आले. ते मूळव्याधीचे डॉक्टर होते आणि आपल्या कामात चांगले होते. एरवी असा धापा टाकणारा पेशंट आला की ते पायरीवरच चिठ्ठी लिहून त्याला पुढे पाठवत, आणि ते शहाणपणाचंच होतं. पण आज त्यांनी एकदा त्या बाईकडे पाहिलं, एकदा जीपकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर देवाने स्वतः येऊन पाठ थोपटल्यासारखा भाव आला.

"आत घ्या, आत घ्या! एक नंबरच्या बेडवर. सिस्टर, ऑक्सिजन लावा."

आचलने मोईजकडे पाहिलं. मोईजने गाडा धरला आणि आत ढकलत नेला. दुसरं काय करायचं ते त्याला त्या घटकेला सुचलं नाही.

पथकाच्या प्रमुख आकांक्षा मॅडम होत्या. त्या डॉक्टर नव्हत्या, अधिकारी होत्या, आणि त्यांच्याबद्दल अकोला-अमरावतीच्या दवाखान्यांत दबक्या आवाजात बोललं जायचं. त्या कुणाच्या घरचं पाणी पीत नसत. स्वतःची बाटली आणायच्या. बादलीचा निळा रंग आकाशी निघाला म्हणून त्यांनी एका दवाखान्याची नोंदणी चार महिने अडवली होती, आणि त्या दवाखान्याच्या डॉक्टरने मंत्र्यांचा फोन आणला तेव्हा त्यांनी फोनवर मंत्र्यांना निळा आणि आकाशी यांतला फरक समजावून सांगितला होता.

"पेशंटचं नाव?" त्यांनी विचारलं.

"पार्वताबाई," नवरा म्हणाला. "मी पुंजाराम."

"दाखल रुग्ण एक. ऑक्सिजनवर," मॅडमनी लिहिलं. मग त्यांनी वाकून मीटर पाहिलं. काटा हिरव्या पट्ट्यात होता. त्यांनी सतराव्या रकान्यात 'होय'वर खूण केली आणि त्या बादल्यांकडे गेल्या.

खोलीत मोठा लोखंडी कूलर घोंघावत होता. त्याच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नव्हतं. पार्वताबाईंच्या तोंडाला मास्क लावला होता, आणि पुंजाराम उशाशी उभा राहून दर थोड्या वेळाने वाकून मोठ्याने विचारत होता,

"बरं वाटते काय वं?"

पार्वताबाई मान हलवत होत्या. खरंच हलवत होत्या. मास्क लागल्या लागल्या त्यांनी डोळे मिटले होते आणि खांदेही जरा खाली आले होते. मोईजने ते पाहिलं आणि त्याला वाटलं, असेल बुवा थोडा तळाशी. सिलिंडर कधी अगदीच रिकामा होतो काय?

आचल त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. सिलिंडरला लावलेल्या पाण्याच्या बाटलीकडे तिने डोळ्यांनीच खूण केली. ऑक्सिजन चालू असला की त्या पाण्यात बुडबुडे येतात. पाणी देवळातल्या तीर्थासारखं स्थिर होतं.

"मोईजभाई, काहीच नाई येऊन राह्यलं त्याच्यातून."

"मले मालूम हाय."

"मंग सांग न!"

"तू सांग. तू सिस्टर हायेस."

"मी नऊ जागी सिस्टर हाय," आचल ओठ न हलवता म्हणाली. "मी बोलली तं नऊच्या नऊ बंद पडतीन. त्याईचे पेशंट कुठी जातीन मंग?"

मोईजचा फोन वाजला. तो दाराशी गेला.

"बेटा, निकले क्या? साढ़े ग्यारा को दूसरे दवाखाने में लगना है सेट."

"चाचा, सिलिंडर को पेशंट लगा है."



"पेशंट? अपने सेट में पेशंट कब से है?"

मोईजने फोन बंद केला. तो वळला तेव्हा पुंजाराम त्याच्याकडेच पाहत होता. म्हाताऱ्याने दोन्ही हात जोडले.

"तुमी वेळेवर घिऊन आले भाऊ, म्हून. नाईतं माह्यी बायको रस्त्यातच गेली असती."

पार्वताबाईंची बोटं चादरीवर होती. नखं जांभळी झाली होती, कुणी शाईत बुडवून काढल्यासारखी. मोईजने ती पाहिली, आणि पुढे जे केलं ते विचार करून केलं असं म्हणता येणार नाही. तो भिंतीपाशी गेला आणि त्याने कूलरचं बटण खटकन बंद केलं.

खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. फक्त ती बारीक शिट्टी राहिली.

"अहो, काय करता!" डॉ. गुल्हाने म्हणाले. "उकडेल ना."

"मॅडम, आयका," मोईज म्हणाला. त्याने सिलिंडरची नळी काढली आणि किल्लीने तोंड पुरतं उघडलं. भरलेल्या सिलिंडरचं असं तोंड उघडलं असतं तर खिडकीच्या काचा थरथरल्या असत्या. काहीच झालं नाही. सगळे जण ते काहीच न होणं कान देऊन ऐकत राहिले. "रिकामा हाय हा. सकाळपासून रिकामा हाय. काटा म्या सोता चिकटवला. बाईले आत्ताच्या आत्ता सरकारी दवाखान्यात न्या, माह्यी रिक्षा हाय बाहेर."

"तुम्ही कोण?" मॅडमनी विचारलं.

"बिछायतवाला."

मॅडमनी हातातल्या कागदांची पानं पुढे-मागे उलटली. बिछायतवाल्याचा रकाना त्यांत नसावा.

डॉ. गुल्हाने हसले. मोठं मन असलेल्या माणसासारखं हसले.

"मॅडम, सिलिंडर भरलेलाच होता. पेशंटने वापरला. वापरला की संपतो. म्हणजे बघा, आपल्याकडे वस्तू नुसती शोभेला ठेवत नाहीत, कामाला येते."

पुंजारामने सिलिंडरकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. त्याचा चेहरा ओशाळला.

"एवढा सारा इनंच घेतला?" तो हळूच म्हणाला. "माफ करजा साहेब. तिचं तसंच हाय. घरीबी पानी पेयाले बसली का तांब्या रिता करते."

"बाबा!" मोईज ओरडला. "तिनं काहीच नाई घेतलं! घ्याले काही होतंच नाई!"

"तुमी बिछायतवाले न, भाऊ?" पुंजाराम समजुतीने म्हणाला. "डाक्टर सांगून राहिले ना. मॅडमनं सोता पाह्यलं. कागदावर लिवलं."

मोईजने मॅडमकडे पाहिलं. अख्ख्या खोलीत खोटं न बोलणारं ते एकच माणूस होतं, हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याचा सगळा जीव आता त्यांच्या पेनाच्या टोकाशी जाऊन बसला.

मॅडम खरंच विचार करत होत्या. त्यांनी सतरावा रकाना पुन्हा वाचला, ओठ हलवत, शब्दाशब्दावर थांबत.

"ऑक्सिजन सिलिंडर उपलब्ध आहे काय. होय किंवा नाही." त्या सिलिंडरपाशी आल्या आणि त्यांनी त्याला बोटाने स्पर्श केला. "सिलिंडर तर आहे."

"रिकामा हाय मॅडम!"

"हो. मी ऐकलं. पण मी इथं 'नाही' लिहिलं, तर तो इथं नाही असा अर्थ होईल. आणि तो आहे. मी आजपर्यंत खोटं लिहिलेलं नाही." त्यांच्या आवाजात त्रास होता, अगदी खरा त्रास. "थांबा. यावर काहीतरी केलंच पाहिजे." त्यांनी खुर्ची ओढली, कागद मांडीवर घेतला आणि पेनाचं टोपण काढलं.

मोईज बाहेर धावला. रिक्षात पुढच्या दवाखान्याच्या गाद्या आणि पडदे होते. त्याने ते दोन्ही हातांनी रस्त्यावर फेकले, एक गादी तेवढी तळाला पसरली, इंजिन चालू करून ठेवलं, आणि आत आला.

"उचला," तो म्हणाला. "सिस्टर, पाय धर. बाबा, तुमी डोकं."

पुंजारामने बोट ओठांवर ठेवलं.

"नका उठवू भाऊ. आत्ताच झोपली हाय. पाहा ना, किती शांत झोपली. चार दिसाची झोप नाई तिले."

शिट्टी थांबली होती. आचलने पार्वताबाईंचं मनगट धरलं होतं. ते तिने सोडलं नाही, आणि घड्याळाकडेही पाहिलं नाही. डॉ. गुल्हाने छातीला तपासायची नळी लावून वाकले होते आणि बराच वेळ तसेच वाकलेले राहिले, मुक्कामाचं ठिकाण सापडत नसलेल्या माणसासारखे.

"भाऊ, तो कूलर लावा जरा," पुंजाराम म्हणाला. "इले गरम होत असन."

मोईजने बटण दाबलं. कूलर घोंघावू लागला. चादरीचं टोक हललं, मॅडमच्या हातातला कागद फडफडला, तो त्यांनी अंगठ्याने दाबून धरला आणि लिहिणं चालू ठेवलं. त्यांचं अक्षर टपोरं होतं. मोईज उभा होता तिथूनही ते वाचता येत होतं.

"शेरा : रकाना क्रमांक सतरामध्ये सिलिंडर आहे काय, एवढीच पृच्छा केलेली आहे. सबब उत्तर 'होय' असे नोंदविले आहे. तथापि त्यामध्ये ऑक्सिजन आहे काय, याबाबतचा एक स्वतंत्र रकाना पुढील नमुन्यात समाविष्ट करण्यात यावा, आणि तसा तो समाविष्ट होईपर्यंत रुग्णांनी थांबावे, असे निर्देश सर्व संबंधितांस देण्यात यावेत, ही नम्र विनंती."