लेथला लावलेला कूलर

भैंसा गावात बाजाराच्या मागच्या गल्लीत वामनरावांचं लेथचं, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्राचं, दुकान होतं. जिनिंग मिलचे शाफ्ट ते कातून द्यायचे. घर दुकानाला लागूनच. त्यामुळे त्यांच्या डोक्यात आलेली प्रत्येक सुधारणा आधी त्यांच्या बायकोच्या, रेणुकाबाईंच्या कानावर पडायची आणि तिथून तिखटमीठ लागूनच बाहेर यायची.

लोखंड कातताना कापणारं टूल तापतं, म्हणून त्यावर तेल कालवलेलं पाणी सोडतात. दिसायला दुधासारखं. भैंशातले बाकीचे टर्नर तळाला भोक पाडलेला डबा वर टांगून हे काम भागवायचे. वामनरावांना ते कमीपणाचं वाटायचं. सत्त्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत त्यांनी लेथखाली पिंप ठेवलं, त्यात छोटा पंप सोडला आणि टूलवर सलग धार धरली. खाली पडलेलं पाणी पन्हाळीतून परत पिंपात. काम खरंच सुधारलं. तिथंच थांबले असते तर गावाला हसायला काही मिळालं नसतं.

पण एप्रिल लागला आणि पिंपातलं पाणीच हाताला चटके देऊ लागलं. तापलेला शाफ्ट मापात उतरायचा आणि थंड झाला की बारीक भरायचा. वामनराव दोन दिवस पिंपात हात घालघालून बघत राहिले. तिसऱ्या दुपारी ते आपल्या दुकानातल्या टर्नर खुशालला घेऊन घरात शिरले आणि खिडकीतला कूलर दोघांनी उचलला.

"अहो, हा कुठं नेऊन राह्यले?"

"दुकानात. लेथचं पाणी थंड करतो याच्यावर."

"आन आमी?"

"तुमाले पंखा आहे ना."

"वा! मशीनीले कूलर आन बायकोले पंखा. माह्याशी काऊन लगन लावलं, तिच्याशीच लावायचं होतं!"

खुशालला त्यातलं एवढंच कळलं होतं की वारा आपल्याकडे येणार. त्यानं लेथशेजारी जागा केली. तेलाचं पाणी कूलरच्या वाळ्यावरून खाली यायचं, वाऱ्यानं गार व्हायचं आणि पिंपात पडायचं. आठवडाभर शाफ्ट मापात निघाले. वामनराव चहाच्या हाटेलात जाऊन दुसऱ्या टर्नरांना म्हणाले, "या एकदा बघायला. डबे टांगून किती दिवस काढता?"

ते आले, पण उशिरा आले. तोवर पाणी उडून जाऊन तेल दाट झालं होतं, लोखंडाचा कीस अडकून वाळा सडू लागला होता, आणि पंखा त्या सगळ्याचा बारीक फवारा दुकानभर मारत होता. भिंती चिकट, खुशालचे केस चिकट. वास तर असा, की गल्लीतलं कुत्रं दारावरून जाईना. त्यातच जिनिंग मिलचे शेठ पांढरेशुभ्र कपडे घालून आले आणि निघाले तेव्हा त्यांचा सदरा ठिपक्याठिपक्यांचा झाला होता.

"ये लेथ है या होली?" एवढंच बोलून त्यांनी आपले शाफ्ट उचलायला लावले. हाटेलात त्यानंतर जो तो विचारू लागला, "वामनराव, लेथले लस्सी पाजता का आता?"

रेणुकाबाईंनी कूलर परत आणला. सोड्यानं घासला, नवा वाळा भरला. चालू केला तर घरभर सडलेल्या तेलाचा वास.

"घ्या, अत्तर लावलं तुमच्या त्या लेथ मालकिणीनं," त्या म्हणाल्या. जेवताना म्हणाल्या, झोपताना म्हणाल्या, पाहुण्यांपुढं म्हणाल्या.

वामनराव दुकानात गेले. त्यांनी पंप काढून ठेवला आणि डबा टांगला. एरवी ते जेवताना वरणात बोट बुडवून ताटाच्या काठावर नळ्यांच्या आकृत्या काढायचे. आता खाली मान घालून जेवायचे आणि उठायचे. रेणुकाबाईंचे टोमणे नुसते भिंतीवर आदळू लागले. चार टोमण्यांना एक तरी चिडका शब्द मिळायची त्यांना सवय होती. तोही मिळेना, तसं घर त्यांना ओसाड वाटायला लागलं.

जूनमध्ये एक दिवस भाकरी वाढताना त्यांनी ताट आदळलं.

"घाण पंख्यानं केली. पंपानं नाही केली. फेब्रुवारीत शाफ्ट नीट निघत होते का नव्हते? गावानं दात काढले म्हणून पंपही फेकून दिला! एवढं सादं समजत नाही आन म्हणे कारागीर."

वामनरावांनी मान वर केली. "लेथमधलं तुले काय समजते?"

"जेवढं तुमाले समजते तेवढं त समजतेच."

"पिंप लहान पडते म्हणून पाणी तापते. मोठा ड्रम पायजे, जमिनीत पुरलेला. वर नुसती जाळी. पंखा नाही, काही नाही." बोट वरणात गेलं होतं. "तुले सांगून उपयोग नाही."

"मग काऊन सांगून राह्यले?"

ते अर्ध्या जेवणावरून उठले आणि हात धुता धुताच त्यांनी खुशालला कुदळ आणायला हाक मारली. रेणुकाबाईंनी उरलेली भाकरी झाकून ठेवली, पदर तोंडाला लावला आणि आत जाऊन पोटभर हसल्या.