डाव्या बाजूचं स्टिअरिंग

"बाबांनी बोलावलं आहे रविवारी. अकराले ये," एवढंच दीप्ती फोनवर म्हणाली आणि संघपालनं त्यातून अख्खं लग्न उभं केलं. बरं, तो प्रेमात पडलेला भैताड, त्याचं सोडा. पण त्याच्या आईनं, जयाबाईंनी तरी डोकं ठिकाणावर ठेवायचं की नाही? धंतोलीच्या दवाखान्यात उभा जन्म गेला त्यांचा. मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या. भल्याभल्या सर्जनांना हात धुवायला परत पाठवणारी बाई. पण एकुलत्या एका पोराच्या लग्नाचं नाव निघालं की त्यांचीही मती गुंग व्हायची.

चार वर्षं हे चाललं होतं. कॉलेजातली ओळख, मग प्रेम, मग 'बाबा ऐकणार नाहीत' हे रडगाणं. दीप्तीचे बाबा म्हणजे भैय्याजी, सावनेरला कापसाची जिनिंग फॅक्टरी, रामदासपेठेत बंगला. इंदोरा वस्तीतल्या बौद्ध घरातला जावई त्यांना चालणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी तोंडानं म्हणत नव्हतं. आता त्याच भैय्याजींनी आपणहून बोलावलं म्हटल्यावर माणसानं काय समजावं? जयाबाईंनी समजायचं तेच समजलं.

"एकटा जाशील काय बोलणी करायले?" त्या पोरावर डाफरल्या. "मोठं माणूस लागते सोबत. मी येतो."

"दीप्तीले सांगू काय?"

"कायले? पाहू दे तिले, सासू कशी नटून येते ते."

संत्रा बर्फीचा मोठा डबा घेतला. दीप्तीसाठी मोरपंखी साडी घेतली. स्वतः बुद्धपौर्णिमेची ठेवणीतली पांढरी साडी नेसल्या. पोराच्या स्कूटरवर मागे बसून पिशवी छातीशी धरून बाई निघाल्या, आणि रस्ताभर त्यांच्या तोंडावरचं हसू काही जाईना.

बंगल्याचं दार दीप्तीनंच उघडलं. संघपालला पाहून ती हसली. त्याच्यामागे जयाबाई दिसल्या आणि हसू जागच्या जागी विरलं. जयाबाईंना वाटलं, लाजली पोरगी.

"या ना जी, या," भैय्याजी सोफ्यावरूनच म्हणाले. सदरा, लेंगा, बोटात दोन अंगठ्या. शेजारी थोरला मुलगा रजत मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसलेला. "ह्या कोण, बेटा?"

"माझी आई, काकाजी."

"अच्छा, अच्छा! दवाखान्यात नेऊन राहिला वाटते? इथून जवळच पडते धंतोली, सगळे दवाखाने तिकडेच. बसा जी, बसा."

जयाबाईंच्या काळजात काहीतरी खट्ट झालं. पण म्हटलं, माणूस मोठा, बोलण्याची रीत असेल. त्यांनी पिशवी पायामागे सरकवली आणि बर्फीचा डबा तेवढा टेबलावर ठेवला. "अरे, याची काय गरज होती," असं म्हणून भैय्याजींनी तो उघडून एक तुकडा तोंडातही टाकला. जयाबाईंचा जीव भांड्यात पडला. खाल्लं की आपल्या हातचं!

चहा आला. रजतनं मोबाइल पुढे केला. पडद्यावर पिवळीधम्मक स्पोर्ट्स कार, जमिनीला पोट टेकल्यासारखी.

"तू कस्टमच्या कामात आहे न?" भैय्याजी म्हणाले. "मले एक समजावून सांग. हीच गाडी दुबईत सव्वा कोटीले भेटून राहिली. आपल्या इथं शोरूमवाला चारच्या खाली बोलायले तयार नाही. इंजिन तेच, रंग तोच, कंपनी तेच. मग हा फरक काहून?"

संघपालचे डोळे चमकले. मालाचे कागद कस्टममधून सोडवून देणार्‍या कंपनीत होता तो, अजनीच्या कंटेनर डेपोजवळ. हा विषय म्हणजे त्याच्या घरचं अंगण. जयाबाईही सावरून बसल्या. त्यांना वाटलं, जावयाची परीक्षा घेऊन राहिले. घ्या म्हणा, हवी तेवढी घ्या!

"काकाजी, गाडी कारखान्यातून निघते तेव्हा तिची किंमत सगळ्यांसाठी जवळपास सारखीच असते," संघपाल म्हणाला. "फरक पडते तो वेशीवर. दुबईत सरकार नावापुरता कर घेते, गाडी आली तशी शोरूमात. आपल्या इथं जहाजाचं भाडं, विमा धरून जी किंमत होते, तिच्याएवढाच, उलट थोडा जास्तच, कर आयातीचा. मग त्या सगळ्या बेरजेवर पुन्हा जीएसटी. म्हणजे करावरही कर. वरून नंबर घ्यायले गेले की रोड टॅक्स. आणि अशा गाड्या देशात विकतात किती? मोजक्या. म्हून शोरूमवाला त्याचा सगळा खर्च त्या मोजक्या गिर्‍हाइकांच्याच डोक्यावर टाकते."

"म्हणजे गाडीचं काहीच बदलत नाही?"

"काहीच नाही. फक्त हद्द ओलांडली."

"वा!" भैय्याजींनी मांडीवर थाप मारली. "याले म्हणतात समजावणं. आमचा सीए दोन वेळा सांगून गेला, माझ्या टाळक्यात काही शिरलं नाही."

जयाबाई फुलून गेल्या. त्यांनी दाराकडे पाहिलं. दीप्ती चौकटीला टेकून उभी होती, खाली मान घालून, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

"रक्कम मोठी आहे," भैय्याजी सुस्कारा सोडून म्हणाले. "पण पोरीच्या लग्नात हात आखडता घेऊन जमते काय? जावयाच्या दारात गाडी उभी राहिली पाहिजे."

अरे देवा! माझ्या पोराला ही गाडी? यांना वाटलं तरी काय, आम्ही घेणारे आहोत? त्यांच्या घरात कुणी कधी हुंड्याचा एक पैसा घेतला नव्हता, आणि तो अभिमान त्यांच्या तोंडातून बाहेर पडलाच.

"नाही जी, भैय्याजी. आमाले काहीच नको. गाडी तं बिलकुलच नको. पोरगी द्या तुमची, नेसत्या साडीवर. बस झालं आमाले."

मग रजत फस्सकन हसला. चहा त्याच्या नाकात गेला, तो खोकत राहिला आणि खोकता खोकताही हसत राहिला.

"तुमाले कोण देऊन राहिलं, बाई?" भैय्याजींनी विचारलं. आवाजात राग नव्हता. खरोखरच कोडं पडलं होतं त्यांना. "दीप्तीचं जमलं आहे रायपूरले. सौरव नाव पोराचं, स्टीलचा कारखाना आहे त्याइचा. त्याले द्यायची आहे गाडी. दीप्तीच म्हणाली, माझ्या ओळखीचा कस्टमवाला आहे, त्याले विचारा, म्हून बोलावलं याले."

मग त्यांची नजर बर्फीवर गेली. पांढर्‍या साडीवर गेली. पायामागच्या पिशवीतून मोरपंखी काठ डोकावत होता, त्यावर गेली. आणि हळूहळू त्यांना सगळं उमगलं. ओरडले असते तर परवडलं असतं. पण भैय्याजी गोड हसले, अगदी समजूतदारपणे, आजारी माणसाशी बोलावं तसे.

"अरे बाप्पा! असं आहे काय? हे पहा बाई, पोरगा तुमचा हुशार आहे, मी नाही म्हणत नाही. तुमच्या लोकांत असा हिरा असन तं चांगलीच गोष्ट आहे. पण बेटा, तूच आत्ता सांगितलं न? वस्तू तेच, पण हद्द ओलांडली का भाव बदलते. तुमच्या घरी तू सोन्याच्या भावाचा. माझ्या दारात आला का..." त्यांनी हात हवेत झटकला. "कोणाचं मन दुखवायचं नाही मले. चला, कामाचं बोलू."

संघपालनं अर्धा प्यायलेला कप खाली ठेवला. जयाबाईंना त्या क्षणी उठून त्या माणसाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण उठवेना. आपल्याच मूर्खपणाच्या लाजेनं त्यांना खिळ्यासारखं त्या सोफ्यात ठोकून ठेवलं होतं. कुणी सांगितलं होतं यायला? कुणी सांगितलं होतं तोंड उघडायला?

"दुबईत माझा दोस्त आहे," रजत डोळे पुसत म्हणाला. "अर्धे पैसे देऊन गाडी पक्की केली. बाकीचे उद्या पाठवतो. ड्यूटी भरून टाकू, तरीबी शोरूमपेक्षा स्वस्त. तू फक्त कागद कर."

संघपालनं मोबाइल हातात घेतला आणि त्या पिवळ्या गाडीचा फोटो बोटांनी मोठा केला.

"स्टिअरिंग कोणत्या बाजूले आहे?" त्यानं विचारलं.

"लेफ्ट. दुबईची आहे बे, लेफ्टच राहीन. मुंबईत फिरून राहिल्या न तशाच, दुबईच्या नंबरच्या. रोज रील पाहतो मी."

जयाबाईंनी झटकन पोराकडे पाहिलं. त्यांना ठाऊक होतं. गेल्याच वर्षी त्यांच्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरनं अशीच गाडी आणायचं काढलं होतं, आणि संघपालनं जेवताना सगळं सांगितलं होतं. डाव्या स्टिअरिंगची गाडी कायमची आणून इथं नंबर मिळत नाही. मुंबईत दिसतात त्या पाहुण्यांच्या, काही महिन्यांपुरत्या येतात आणि परत जातात. अशी गाडी विकत घेऊन आणली तर ती बंदरावरच सडते. डॉक्टर वेळेत वाचला होता, कारण संघपालनं त्याला सांगितलं होतं.

आता सांगेल, जयाबाईंना वाटलं. सरळ पोरगा आहे माझा.

"देऊन टाका बाकीचे," संघपाल म्हणाला. "उशीर कायले करता?"

"आणि तुझी फी?"

"राहू द्या, काकाजी."

भैय्याजी खूश झाले. निघताना त्यांनी संघपालच्या पाठीवरून हातही फिरवला.

फाटकापाशी स्कूटर काढेपर्यंत दीप्ती मागून धावत आली. पायात चपला नव्हत्या, डोळे सुजलेले.

"काकू, आईशपथ, तुम्ही येसान हे मले माहीत नव्हतं." ती स्कूटरच्या आडवी उभी राहिली. "संघपालचं नाव मीच घेतलं बाबापाशी. म्हटलं, कामाच्या निमित्तानं तरी एक वेळ आमच्या घरात येऊन बसन. आमच्या कपात चहा पिन. मले तेवढंच पाहायचं होतं. बाकी माझ्या हातात काय होतं? साखरपुडा मले न विचारता झाला. संघपालले सांगायची हिंमतच झाली नाही."

संघपाल हँडल घट्ट धरून जमिनीकडे पाहत होता.

"गाडी लग्नाआधी येईल न?" दीप्तीनं डोळे पुसले. "रायपूरच्यांनी साफ सांगितलं आहे, गाडी दारात नाही लागली तं वरात निघणार नाही. मागच्या वर्षीच बाबाले अटॅक येऊन गेला, काकू. पत्रिका वाटून झाल्या. आता मोडलं तं बाबा राहणार नाहीत. मी तं आता त्याच घरात जाणार आहे, निदान ते तरी धड होऊ दे."

संघपालनं मान वर केली. त्याचे ओठ हलले. जयाबाईंनी पाहिलं, पोराचा राग ओसरला होता. तो आता बोलणार होता. एका वाक्याचं काम होतं. पैसे उद्या जायचे होते, अजून सगळं वाचण्यासारखं होतं.

त्याच्याआधी जयाबाई बोलल्या.

"येईल वं," त्या म्हणाल्या. "काहून नाही येणार? संघपालनं हातात घेतलेलं काम कधी अडलं आहे काय? तू निवांत मेंदी काढ."

"आई..." संघपाल म्हणाला.

"गाडी सुरू कर."

दीप्ती वाकली आणि पाया पडली. जयाबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. केस मऊ होते पोरीचे, नुकतेच धुतलेले. आणि खरं सांगायचं तर, सकाळपासून पहिल्यांदाच बाईंना बरं वाटलं.