अर्ध्या वाक्याचा पुठ्ठा

मी एक पुठ्ठा बोलतोय. पुठ्ठ्याला कसली आलीय जीभ, असं तुम्ही म्हणाल. पण ज्याच्या अंगावर शब्द लिहिले जातात, त्याला थोडंफार बोलता येतंच. माझ्या अंगावरचं वाक्य मात्र अर्धंच आहे आणि सगळं रामायण त्यातूनच घडलं.

जन्माने मी बुटांच्या खोक्याचं झाकण. इंग्रजीच्या बाईंनी दुकानातून रिकामी खोकी मागून आणली, मला कापलं, दोन भोकं पाडून नाडी ओवली आणि लाल मार्करने माझ्यावर लिहिलं, 'बिकॉज द शॉप वॉज क्लोज्ड.' म्हणजे, कारण दुकान बंद होतं. माझी भावंडं ढीगभर. कुणावर 'वी केम बॅक', कुणावर 'आय वॉज हंग्री'. शिवाय 'अँड', 'बट', 'ऑर' ही चिल्लीपिल्ली वेगळीच.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर वर्गातल्या मुलांना संयुक्त वाक्य आणि मिश्र वाक्य यांतला फरक काही केल्या कळत नव्हता. व्याख्या पाठ, पण समजुतीच्या नावाने शून्य! मग बाईंनी फळा सोडला आणि मुलांच्या गळ्यात आम्हाला अडकवलं.

"संयुक्त वाक्य म्हणजे दोन कमावते भाऊ," बाई सांगायच्या. "दोघंही आपापल्या पायांवर उभे. मधल्या 'अँड'ने नुसता हात धरलाय. आणि मिश्र वाक्य म्हणजे आई आणि तिच्या कडेवरचं मूल. मूल खाली ठेवलं की भोकाड पसरणार."

म्हणजे मी कडेवरचं मूल. माझं एकट्याचं कुठेच भागायचं नाही. त्यासाठी बाईंनी एक नियम केला होता. ज्याच्या गळ्यात अर्धं वाक्य असेल त्याने ते मोठ्याने वाचायचं, की सगळ्या वर्गाने ओरडायचं, "पुढे काय?" मग त्या मुलाने धावत जाऊन पूर्ण वाक्यवाल्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. 'वी केम बॅक, बिकॉज द शॉप वॉज क्लोज्ड.' झालं मिश्र वाक्य! पोरं खूष, बाई खूष. आणि खोटं कशाला बोलू, मीही खूष. सगळ्यात जास्त आरडाओरडा माझ्याच वाट्याला यायचा. मला ते आवडायचं.

या खेळाची कीर्ती मुख्याध्यापिकांच्या कानावर गेली. त्या तास बघायला येणार म्हणून बाई सकाळपासून हवेत होत्या.

वर्गात एक मुलगी होती. तिची आई कपडे शिवायची आणि ही अंगाने काडीसारखी, म्हणून सगळे तिला 'सुई' म्हणत. ती हुशार होती. फक्त बोलताना अडखळायची. एखाद्या अक्षरावर गाडी अडली की अडली.

बाईंनी मला हातात घेतलं. वर्गात एक मुलगा होता, त्याचा आवाज मैदानापलीकडे जायचा, म्हणून सगळे त्याला 'भोंग्या' म्हणत. मी नेहमी त्याच्याच गळ्यात असायचो. त्या दिवशी बाईंचा हात भोंग्यावरून पुढे गेला आणि त्यांनी मला सुईच्या गळ्यात घातलं. मी त्यांच्या हातातच होतो, म्हणून सांगतो, हे चुकून झालं नाही. ती अडखळेल, वर्ग ओरडेल, गंमत येईल, हे बाईंना ठाऊक होतं.

"बि… बिकॉज द…" सुईने सुरुवात केली.

"पुढे काय?" वर्ग ओरडला.

"बिकॉज द श… श…"

"पुढे काय?"

तिने पुन्हा धीर केला. या वेळी पहिलं अक्षरही पुरतं फुटलं नाही आणि सगळ्यांनी छत डोक्यावर घेतलं. मुख्याध्यापिकांनी तोंडाला रुमाल लावला. बाई तर मोकळेपणाने, डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. सुईही हसली. ते हसू बघून सगळ्यांना वाटलं, पोरगी खेळाडू वृत्तीची आहे. माझी नाडी तिच्या मानेला टेकली होती. तिचा गळा कसा थरथरत होता, ते मला जाणवत होतं.

तास संपल्यावर मला खिडकीशेजारच्या खिळ्यावर टांगलं. तिथून पाण्याचे नळ दिसतात. मधल्या सुट्टीत सुई नळापाशी आली, भोंग्याला म्हणाली, "मला पा…" आणि भोंग्याने नरडं फोडलं, "पुढे काय?" नळावरचे सगळे खिदळले. ती पाणी न पिताच निघून गेली.

दुसऱ्या दिवशी जिन्यावर तेच, तिसऱ्या दिवशी फाटकात तेच. मग ती कुणाशी बोलेनाशी झाली. तोंडी परीक्षेत तिला पुढे बोलावलं तेव्हा ती जमिनीकडे बघत उभी राहिली. बाईंना वाटलं, अभ्यास केला नसेल.

आठवडा उलटला आणि सुईची आई शाळेत आली. ब्लाउजला टाचण्या टोचलेल्या, कामावरून तशीच उठून आलेली.

"बाई, पोरगी घरात बोलत नाही हो," ती म्हणाली. "परवा जेवायला बसलो. म्हणाली, 'आई, मला…' आणि अडली. नेहमीचंच आहे तिचं. मी आपलं मायेने विचारलं, 'हं बाळा, पुढे काय?' तर ताट सरकवून उठली. तेव्हापासून माझ्याकडे बघतसुद्धा नाही. माझं काय चुकलं, तेच कळत नाही. तुमचा विषय तिला आवडतो. तुम्ही विचाराल का?"

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. सांगायला तोंड उघडलं आणि त्या एवढंच म्हणाल्या, "बघते मी."

आई गेली. बाईंनी मला खिळ्यावरून ओढून काढलं आणि टेबलावर पालथं टाकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी! तसा मी तरी कुठला संन्यासी म्हणा.

मग बाईंनी वर्गाला झाडलं. "एखाद्याच्या बोलण्याची थट्टा करायला लाज नाही वाटत?" त्यांनी भोंग्याला उभं केलं. तो बिचारा खरोखरच गोंधळला.

"बाई, पण तुम्हीच तर शिकवलंत."

बाईंनी त्याला खाली बसायला सांगितलं.

मधल्या सुट्टीत त्यांनी सुईला थांबवून घेतलं. रिकाम्या वर्गात त्या दोघीच, आणि टेबलावर पालथा मी. बाई बोलत सुटल्या. मुलं वेडी असतात, मनावर घ्यायचं नाही, मोठेपणी यातलं काही आठवत नाही, आणि असलंच बरंच काही. शेवटी बाईंकडचे शब्दच संपले आणि त्या नुसत्या बसून राहिल्या. बहुधा आठवड्यात पहिल्यांदाच त्या गप्प बसल्या होत्या.

"तुम्ही…" सुई म्हणाली आणि अडली.

बाईंचे ओठ हलले, पण त्यांनी ते घट्ट मिटून घेतले. बाहेर पोरं खेळून घामाघूम होत होती.

"तुम्ही प… पण हसलात."

"हो, हसले मी, कारण…" बाई म्हणाल्या आणि थांबल्या. कारण मुख्याध्यापिका बसल्या होत्या. कारण सगळेच हसत होते. कारणं काय, पैशाला पासरी मिळतात, आणि मला विचाराल तर माझा जन्मच त्या शब्दावर झालाय. पण बाईंनी एकही पुढे केलं नाही. "हसले मी. चुकलं माझं, बाळा."

सुई रडली नाही. तिला काही तरी मागायचं होतं आणि ते मागायला तिला खूप वेळ लागला. "आईला सां… सांगाल? तिला वाटतं, ति… तिचंच चुकलं."

संध्याकाळी बाई मला पिशवीत घालून सुईच्या घरी गेल्या. आई मशीनवर बसली होती. बाईंनी मला तिच्यासमोर ठेवलं आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. भोंग्याला वगळून मला तिच्या गळ्यात का घातलं, तेसुद्धा. मशीन कधीच थांबलं होतं.

"म्हणजे मी तिला मायेने विचारलं, तेव्हा तिला हेच ऐकू आलं," आई हळू आवाजात म्हणाली. "माझ्याच तोंडून पोरीला डिवचलंत, बाई."

आईने त्यांना बसा म्हटलं नाही. तिने कात्री उचलून माझी नाडी कापली आणि कामाला येईल म्हणून ठेवून दिली. मग उरलेल्या मलाही ठेवून घेतलं, लेस गुंडाळायला.

आता मी त्याच घरात असतो. माझ्याभोवती पांढरी लेस गुंडाळलेली आहे, अक्षरं कुणाला दिसत नाहीत. सुई बोलू लागली की आई पायडलवरचा पाय काढते आणि मशीन बंद ठेवते. कधी एका वाक्यापायी अख्खी बाही खोळंबते. शाळेत अजून ती फारसं बोलत नाही, असं तिच्याच तोंडून ऐकलं. ते ऐकलं की माझ्या अंगावरचा लाल रंग मलाच बोचतो. तो आरडाओरडा मला आवडायचा, हे मी कुणाला सांगू?

तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. कुणी बोलता बोलता अडलं, तर त्याचं वाक्य ओढू नका आणि स्वतः पुरंही करू नका. त्याला काय म्हणायचंय ते त्याला माहीत असतं.

बाई अजून या गल्लीत येतात. दाराशी घुटमळतात आणि परत जातात. आई त्यांना हाक मारत नाही. काल मात्र आई माप घ्यायला बाहेर गेली होती आणि सुई उंबऱ्यावर बसून गुंड्या निवडत होती. बाईंना बघून ती उठली.

"आई घ…" ती म्हणाली. बाई भर उन्हात उभ्या होत्या. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातातसुद्धा घेतली नाही.

"आई घरी नाही," सुई म्हणाली. "तुम्ही नं… नंतर या."