कोपऱ्यातली मासोळी

चौसष्ट चित्रं भिंतीवर टाचायची होती, आणि दयाराम बाइंडरची कंबर तिसऱ्या चित्रालाच कुरकुरायला लागली. पनवेलच्या वाचनालयाचा वर्धापनदिन होता. चिटणीस महादेवराव खुर्चीत बसून "जरा वर, जरा डावीकडे" करत होते, आणि अठ्ठावन्न वर्षांचा दयाराम स्टुलावर चढत होता, उतरत होता. थकला होता हो माणूस. कालपरवाचा थकवा असता तर झोपून गेला असता. हा दहा-पंधरा वर्षांचा होता.

पण आज बळ आणायलाच हवं होतं, कारण ही चित्रं त्याची होती. नेरे गावची जमीन भावांकडे राहिली, पोटी मूल नाही, राहायची खोली भाड्याची. आपलं म्हणून दाखवावं असं त्याच्याजवळ हेच काय ते होतं.

'बोरकूट' नावाचं मुलांचं चित्रकथांचं मासिक पूर्वी निघत असे. वाचनालयात ते येई, आणि वर्ष संपलं की बारा अंक एकत्र बांधायला दयारामकडे जात. मंडळाचा नियम असा, की मुखपृष्ठं काढून टाकायची, म्हणजे खंड जाड होत नाही. काढून टाकायची म्हणे! छत्री उघडून पडावात बसलेलं माकड, मगरीच्या पाठीवर लुगडं वाळत घालणारी म्हातारी, वाघाची दाढी करणारा ससा, हे सगळं रद्दीत? दयारामचा हात धजेना. तो ती गुपचूप घरी नेई आणि ट्रंकेत ठेवी.

ठेवण्याआधी मात्र प्रत्येक चित्र कापायच्या यंत्रात घालून कडेनं बोटभर छाटून घेई. दुमडलेली, फाटकी कड बाइंडरच्या डोळ्यांना सोसतच नाही, त्याला तो तरी काय करणार? छाटण त्याची बायको हौसा टोपलीत भरी आणि सकाळी त्यावर अंघोळीचा बंब पेटवी. "तुमच्या चितरांचा मला येवढाच उपेग हाय," असं वर ऐकवी.

"चौसष्ट साल आहे, चित्रंही चौसष्टच लावू," हा महादेवरावांचा हट्ट होता. शेवटचं टाचून झाल्यावर त्यांनी चष्मा वर केला. "दयाराम, चाळीस ते अठ्ठेचाळीस सगळी सालं दिसतायत, त्रेचाळीसचं एकही कसं नाही?"

"त्या साली लढाईमुळं पुठ्ठा मिळत नव्हता, साहेब. ती बारा चित्रंच खळ लावून एकावर एक डकवली, शिकंज्यात दाबली आणि त्याचाच पुठ्ठा केला. तो काय, कपाटात आहे तो खंड. एकवीस वर्षं झाली, सूतभर हलला नाही." एवढं बोलताना त्याची कंबरसुद्धा क्षणभर सरळ झाली. त्या एका खंडाचा त्याला फार अभिमान होता.

दहा वाजता लोक यायला लागले. मास्तर आले, वकील आले, "वा, वा" म्हणून चहाकडे वळले. दयाराम दाराशी उभा राहून ते "वा, वा" गोळा करत होता. करू दे की बिचाऱ्याला! जन्मभर त्याच्या कामाकडे कुणी वळून पाहिलं नव्हतं.

मग एक कोळीण आली. साठीची असेल. हातातली माशांची रिकामी पाटी तिनं बाहेर ठेवली आणि आत शिरली. मागून एक उंच, काळासावळा गडी आला, तो उंबऱ्यातच थांबला. बाई पहिल्या चित्राजवळ गेली, वाकली आणि अगदी नाक लावून खालच्या कोपऱ्यात बघायला लागली. मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. माकड नाही, मगर नाही, नुसता उजवा कोपरा.

आपली कड बघतेय! दयारामला गहिवरूनच आलं. इतक्या शिकलेल्या लोकांत सरळ कापलेली कड हिलाच काय ती कळली, असं त्याला वाटलं.

चौसष्टावं चित्र बघून ती वळली. तिचा चेहरा पार उतरला होता. "दादा," ती म्हणाली, "यातली मासोली कुठं गेली?"

"कसली मासोळी, बाय?"

तिचं नाव भीमाबाई. खाडीकाठच्या न्हावे गावची. तिचा नवरा धर्मराज, त्यानं ही चित्रं काढली होती. होडी, जाळं सगळं सोडून तो झावळ्यांच्या झापात चित्रं काढत बसे आणि टपालानं मुंबईला पाठवी. मासिकवाल्यांनी त्याचं नाव कधी छापलं नाही. म्हणून तोच दर चित्राच्या उजव्या कोपऱ्यात, अगदी कडेला, करंगळीच्या नखाएवढी एक मासोळी काढी. तीच त्याची सही. घरातले अंक वादळात छपरासंगं गेले. गेल्या आठवड्यात बाजाराला आली असताना वाचनालयाच्या फळ्यावर जाहिरातीला लावलेला तो दाढी करणारा ससा तिनं पाहिला आणि ओळखला. आज भरतीच्या पाण्यावर मुलाला होडीत घालून आणलं होतं.

"ह्यो माजा शिवा," ती म्हणाली. "बापूस गेला तवा बारा वर्साचा व्हता. तवापासून वल्हं मारतोय. बापूस आळशी व्हता, बसून खायाचा, आसं भावकीनं याच्या डोक्यात भरलंय. सोला वर्सं झाली, सर्वपित्रीला बापसाच्या नावानं पान वाढत नाय. मी म्हनलं, चल, तुला मासोली दावते."

"आये, बास झाला," शिवा दारातूनच म्हणाला. आवाजात राग नव्हता, नुसता कंटाळा होता. "चितरं कुनीबी काढली आसतील. नाव नाय, मासोली नाय. चल, ओहटी लागंल."

उजवा कोपरा, अगदी कडेला. बोटभर. दयारामनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. देवा रे, काय करून बसलो मी हे!

भीमाबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि ती दाराकडे निघाली. हुज्जत नाही, रडणं नाही. सोळा वर्षं हेच ऐकून ती दमून गेली होती.

"बाय, थांबा," दयाराम म्हणाला. "शिवा, घटकाभर थांब रे बाबा. होडी मग ने."

त्यानं कपाट उघडलं आणि त्रेचाळीसचा खंड काढला. खिशातली सुरी काढली आणि पुठ्ठ्यावरचं कापड एका दमात उभं फाडलं.

"अहो दयाराम! वाचनालयाची मालमत्ता आहे ती!" महादेवराव खुर्चीतून ताडकन उठले. "वेड लागलंय का तुम्हाला?"

"पुन्हा बांधून देईन, साहेब. शेजारच्या हॉटेलातून कढत पाण्याची किटली तेवढी मागवा." आजवर चिटणिसांना त्यानं काम सांगितलं नव्हतं. महादेवराव इतके चकित झाले, की स्वतःच किटली घेऊन आले.

चहाच्या तबकात पुठ्ठा ठेवून दयारामनं त्यावर पाणी ओतलं. खळ पिठाची, ती हळूहळू सुटायला लागली. भाकरीचा पापुद्रा सोडवावा तसा त्यानं पहिला थर उचलला. त्याची कसरीनं पार चाळण केली होती. दुसरा हातातच विरला. शिवा उंबऱ्यावरून आत आला होता. तिसरा थर मात्र अख्खा निघाला. होडीत झोपलेला कोल्हा, आणि चारी कडा जशाच्या तशा, कारण पुठ्ठ्याला मोठा कागद लागतो, म्हणून त्या साली छाटलंच नव्हतं. दयारामनं ओला कोपरा अंगठ्यानं अलगद पुसला.

मासोळी होती. शेपटी वर उचललेली, एक डोळा मोठा.

भीमाबाईनं त्या मासोळीवर बोट ठेवलं आणि तशीच उभी राहिली. शिवा खाली वाकला आणि कितीतरी वेळ वाकूनच राहिला.

"माज्या पयल्या वल्ह्यावर बापसानं हीच काढली व्हती," तो म्हणाला. "शेपूट आशीच." मग त्यानं मान वर करून भिंतीकडे पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. "मंग यांच्या मासोल्या कुठं हायत?"

दयारामला खोटं बोलता आलं असतं. छापखान्यानं कापल्या म्हणाला असता, तर कोण विचारायला येणार होतं? पण तेवढंही बळ त्याच्यात उरलं नव्हतं.

"मी छाटल्या," तो म्हणाला. "कड नीट दिसावी म्हणून. छाटण घरच्या बंबात जाळलं. आठ वर्षं तुझ्या बापाच्या सह्यांवर माझं अंघोळीचं पाणी तापलं, शिवा."

शिवानं त्याच्याकडे पाहिलं; आता हा हात उचलतो की काय, असं महादेवरावांना वाटलं. पण तो तबकाकडे वळला.

"ह्यो कोल्ला मला द्या," तो म्हणाला. "आमावाशेला बापसाचं पान मांडायचं हाय. त्याचा फोटू नाय आमच्याकडं."

महादेवरावांनी टेबलावरचे टीपकागद पुढे सरकवले. दयारामनं ओलं चित्र दोन टीपकागदांत घातलं, वर पुठ्ठा ठेवून सुतळी बांधली आणि शिवाच्या हातात दिलं. कडा कापायला त्याचा हात सवयीनं सुरीकडे गेला होता, तो त्यानं मागं घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसानं रोजच्यासारखी छाटणाची टोपली बंबाजवळ ओढली.

"राहू दे," दयाराम ओट्यावरून म्हणाला.

"आवो, कंबर धरलीय ना तुमची? कढत पान्यानं बरं वाटंल."

"नको. गारच दे आता," तो म्हणाला, आणि कमरेला हात लावून उठला.