तांब्याचा चोक

ट्यूबलाइट घ्यायला आम्ही कन्हेरीहून बारामतीला निघालो, त्या दिवशी आमच्या ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मला बघायला आले तेव्हा शर्टाला इस्त्री नव्हती. एसटीत मी ते बोलून दाखवलं, तर म्हणाले, "तवा पसंत पडायची खात्री हुती." ह्यांचं असंच. बोलायचं कमी, पण बोलले की समोरच्याचं तोंड बंद.

लोणी देवकरच्या कारखान्यातली नोकरी सोडून त्यांनी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक जुना लेथ टाकला होता. लेथ म्हणजे लोखंड गरागरा फिरवून कातणारं यंत्र. पंपाचे शाफ्ट, ट्रॉल्यांच्या पिना, गुऱ्हाळाचं काहीबाही, असली कामं यायची. आमचं सगळं घर त्यांच्या उजव्या हातावर चालायचं. कातलेल्या लोखंडावरून बोट फिरवलं की कुठं खरखर राहिली ते त्यांना डोळे मिटून कळायचं. मला त्या हाताचा गर्व होता, तो कशाला लपवू?

चोरीच्या भीतीनं शेडला खिडकी ठेवली नव्हती. एक पिवळा बल्ब होता, व्होल्टेज पडलं की तो विझत्या निखाऱ्यासारखा लाल व्हायचा. त्या उजेडात एकदा शाफ्ट बिघडला आणि गिऱ्हाईक चारचौघांत वाटेल ते बोलून गेलं. तेव्हापासून ह्यांनी ध्यास घेतला, की उजेड हवा आणि तो भरवशाचा हवा.

बारामतीत दुकानदारानं ट्यूबबरोबर लागणारे दोन तऱ्हेचे चोक समोर ठेवले. एक इलेक्ट्रॉनिक, हलका. त्यावर ट्यूब झटकन लागते, पण आमच्याकडची लाइट कधी मरगळते, कधी उसळते, त्यात तो कधी जळेल याचा नेम नाही. दुसरा तांब्याच्या तारेचा, जुन्या पद्धतीचा. त्यावर ट्यूब जरा फडफडून लागते, पण वर्षानुवर्षं चालते. ह्यांनी दोन्ही चोक तळहातावर तोलून पाहिले. माझे सासरे तात्याबा मेंढरं राखायचे. मेंढी घेताना ते तिच्या पाठीवर हात दाबत तेव्हा त्यांचा चेहरा असाच व्हायचा.

"ह्योच द्या. वजन हाय ह्याला," हे म्हणाले.

"एकदा लावला की बघायचं काम न्हाय," दुकानदार म्हणाला. तो खोटं बोलला असं मी आजही म्हणणार नाही.

ट्यूब लागली आणि शेडमधली जळमटंसुद्धा दिसायला लागली. आता ह्याचं काय काम, असं म्हणून ह्यांनी पिवळा बल्ब काढला आणि गोठ्यात नेऊन लावला.

तात्याबांची एक शिकवण होती. ज्याच्यावर पोट चालतं त्याला आधी हात लावायचा, मग तो हात कपाळाला लावायचा. ते रोज सकाळी पुढच्या मेंढीला हात लावून कळप बाहेर काढत. मेंढरं गेली, पण ह्यांनी ते लेथशी चालू ठेवलं. लेथच्या तोंडाला लोखंड पकडणारा जाड चक असतो, चार जबड्यांचा. सकाळी, आणि लाइट जाऊन आली की पुन्हा, उजवा हात चकाला, मग कपाळाला, मगच काम. "माज्या पाया कवा पडणार?" म्हणून मी चिडवायची.

उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी काम चालू असताना लाइट गेली. एरवी ते आधी बटण बंद करत. त्या दिवशी तात्याबा घरातून हाका मारत होते, चहा निवतोय म्हणून. हे तसेच उठून आले आणि बटण चालूच राहिलं. चहा अर्धा झाला तोवर लाइट आली. आम्हाला ती कळली गिरणीमुळं. शेडच्या भिंतीला लागूनच चुलतदिराची पिठाची गिरणी होती. ती धडधडायला लागली की शेडमध्ये शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नसे, तिथं रिकाम्या फिरणाऱ्या लेथचा आवाज कुठला येणार.

कप ठेवून हे गेले. उरलेला चहा घेऊन मी मागोमाग दारापर्यंत गेले, म्हणून मी ते पाहिलं. ट्यूब पांढरीशुभ्र लागली होती. तिच्याखाली चक थांबलेला होता. चारही जबडे वेगवेगळे दिसत होते. शपथेवर सांगते, तो फिरताना दिसत नव्हता. ह्यांनी चप्पल काढली आणि उजवा हात पुढं केला.

तो हात कपाळापर्यंत गेला नाही. बारामतीच्या डॉक्टरांनी अंगठा वाचवला. बाकी काही वाचलं नाही.

त्यानंतर लोकांनी जिभा सैल सोडल्या. कुणी म्हणालं कोप झाला, कुणी म्हणालं प्यालेला असेल. ज्यांनी कधी सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही त्यांना प्यालेला म्हणाले, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तात्याबांनी कपाळाला हात लावायचं सोडलं. आणि हे आपल्याच डोळ्यांना भिऊ लागले. पाण्याचा तांब्या उचलायच्या आधी त्याच्याकडं बघत बसायचे.

मग लोणी देवकरहून त्यांचा कारखान्यातला सोबती संघपाल भेटायला आला. शेडमध्ये शिरल्यावर त्यानं लेथ पाहिला नाही, वर पाहिलं.

"सोमनाथ, पिवळा बल्ब कुठाय रं?"

"गोठ्यात लावलाय. का?"

संघपाल खाली बसला. ट्यूबकडं बोट करून म्हणाला, "ह्या चोकावर ट्यूब सारखी मिटती-उघडती. आपल्या डोळ्याला कळत न्हाय. चक तिच्या तालात फिराय लागला की हुबा दिसतो. बल्ब तसा मिटत न्हाय, त्येच्या उजेडात फिरतंय ते फिरताना दिसतं. कंपनीत दर मशीनवर बल्ब हुता, त्यो त्यापायीच."

"मला वाटायचं, बारीक कामाला लावलाय," हे म्हणाले आणि हसले. त्या संध्याकाळनंतर ते पहिल्यांदाच हसले, आणि ते ऐकून मला रडू कोसळलं.

पावसाळा संपता संपता लेथ विकायला काढला. काटेवाडीचा यशराज घ्यायला आला, नुकतं लग्न झालेला पोरगा. यंत्र पाहून झाल्यावर त्यानं वर बोट केलं.

"वैनी, ही ट्यूब बी द्या. उजेड ब्येस हाय."

मी गोठ्यात गेले, बल्ब काढला, पदरानं पुसला आणि त्याच्या हातात दिला. "ट्यूब पायजे तर ह्यो बी न्यायचा. आदी ह्यो लावायचा."

"ट्यूब असताना बल्ब कशाला?" तो हसत म्हणाला. मी संघपालनं सांगितलेलं सांगायला लागले, पण त्याचं लक्ष टेंपोत चढणाऱ्या लेथकडं होतं.

तेव्हा ह्यांनी उजव्या हातावरचा टॉवेल काढला. इतके महिने माणसांसमोर तो कधी काढला नव्हता. यशराजनं हात पाहिला, मग बल्ब दोन्ही हातांनी धरला.

"आदी बल्ब लावतो, दादा," तो म्हणाला.

टेंपो निघायच्या आधी हे पुढं झाले. चप्पल काढली. उरलेला अंगठा त्यांनी त्या थंड चकाला टेकवला आणि मग कपाळाला लावला. मी त्यांना अडवलं नाही.