दुखण्याचा आकडा

आमच्या ह्यांना कुणी नुसतं म्हटलं, "जमेल का तुम्हाला?" की झालं. मग जमत नसलं तरी जमतंच. मुलीने तर तसं विचारलंही नव्हतं. ती विद्यापीठात स्नायूंवर संशोधन करते. तिला पन्नाशी ओलांडलेली, जन्मात भाजीच्या पिशवीपलीकडे वजन न उचललेली माणसं हवी होती, आणि ठरलेल्यांपैकी काही ऐन वेळी गळाली. जेवताना ती रडकुंडीला आली, तेव्हा हे घास खाली ठेवून म्हणाले, "मी आहे की!" चष्म्याच्या दुकानात आयुष्यभर काचा घासलेला माणूस. मी खूप हसले. तेव्हा हसू येत होतं.

प्रयोग असा, की यंत्राचा दांडा हात खाली ओढणार आणि माणसाने जीव खाऊन तो रोखून धरायचा. वजन उचलण्यापेक्षा असं रोखत रोखत खाली सोडण्यानेच स्नायू जास्त दुखावतो म्हणे. नंतर दंड दोन-चार दिवस ठणकतो, आणि त्यांना तेच हवं असतं. मग काहींना दुखणं कमी करणारी पूड, काहींना तशीच दिसणारी नुसती साखर. कुणाला काय मिळालं हे मुलीलाही ठाऊक नाही; पाकिटं तिच्या मार्गदर्शक बाईंनी बांधलेली. घरचा माणूस म्हटल्यावर बाईंनी आधी नाक मुरडलं, मग मुदत जवळ आली तसं चालवून घेतलं.

मी बघायला गेले होते. तिथली रीत अशी, की माणूस दमला की सगळ्यांनी मिळून त्याच्यावर ओरडायचं. "धरा! सोडू नका! अजून एक!" एरवी बापापुढे आवाज न चढवणारी माझी पोरगी ह्यांच्या कानाशी ओरडत होती. हे लालबुंद झाले होते. मध्ये तिने विचारलं, थांबायचं का? ह्यांनी नाही म्हणून मान हलवली. पोरीसमोर हार मानतील तर ते हे कसले! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं मी मनात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ह्यांचे दोन्ही हात कोपरात वाकले ते ना पुरते सरळ होईनात, ना पुरते मिटेनात. दात मी घासून दिले, केस मी विंचरले. तेवढ्यात मुलीचा फोन आला. प्रयोग संपेपर्यंत ती वसतिगृहावरच राहणार होती. बापाचा चेहरा बघितला तर आपल्याला हवा तोच आकडा ऐकू येईल, असं तिचं म्हणणं. "नमस्कार. आज आपल्या दंडात किती दुखतंय? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन होण्यापलीकडे." सख्ख्या बापाला 'आपण'! सगळ्यांना एकाच शब्दांत विचारायचं, जास्तीचं अक्षर बोलायचं नाही, असा त्यांचा नियम.

"दोन," हे म्हणाले.

"दोन?" मी फोन ठेवल्याबरोबर कडाडले. "घास तोंडापर्यंत जात नाही आणि दोन?"

"हळू बोल. तिची पूड कामाची आहे हे दिसायला नको? आणि खोटं नाही सांगत मी. आत्ता दोनच आहे."

नंतर दंड सुजले. सदऱ्याची बाही वर जाईना. कातडी ताणून चकाकायला लागली. मी म्हटलं, अहो, डॉक्टरकडे जाऊ या. "दुखणारच, पोरीने आधीच सांगितलंय," एवढंच त्यांचं उत्तर. मुलीने सांगितलेलं ते एक वाक्य त्यांनी असं धरून ठेवलं होतं, की माझी सगळी बडबड त्यावर आपटून परत येत होती. मला भीती वाटायला लागली ती तेव्हापासून. मी त्यांचा श्वास ऐकत बसायची.

मग एका सकाळी न्हाणीघरातून हाक आली. आवाज बारीक होता. मी आत गेले. लघवी काळ्या चहासारखी.

"तिला सांगू नकोस," हे म्हणाले. "माझे आकडे फुकट जातील."

दवाखान्यात न्यायला मी त्यांना तयार करायला घेतलं. सदरा चढवताना खिशात गोळ्यांचं रिकामं पाकीट हाताला लागलं. दुखण्यावरच्या गोळ्या. प्रयोग चालू असताना त्या घ्यायच्या नाहीत, असं तिने बजावून ठेवलं होतं.

"तिला खोटं कसं सांगू?" मान खाली घालून हे म्हणाले. "फोनच्या आधी गोळी घेतली की दोनच असतं."

ह्या माणसाच्या डोक्यात टोला हाणावा की ते डोकं पोटाशी धरावं, कळेना. मी मुलीला फोन लावला. "ते आपण-बिपण बाजूला ठेव. बाबांचे दंड टम्म सुजलेत, लघवी काळी झालीये, आणि त्यांनी दुखण्याच्या गोळ्या खाल्ल्यात."

 ती म्हणाली, "आई, गाडी बोलाव. आत्ताच्या आत्ता." मला माहीत नसलेलं काहीतरी तिला माहीत होतं, हे त्या आवाजातच कळलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी समजावलं. स्नायू फुटून त्यातलं सगळं रक्तात उतरलंय, त्याने मूत्रपिंडं तुंबलीत, त्यात गोळ्यांनी भर घातली. रक्तातला एक क्षार वाढलाय, तो अजून वाढला तर हृदय थांबू शकतं. नळीतून सलाईन चालू होतं. पलंगाखाली लघवीची पिशवी टांगली होती. "दुपारपर्यंत पिशवीत काही आलं तर बरं," त्या म्हणाल्या. "नाहीतर रक्त यंत्रावर धुवावं लागेल. पूड कसली होती तेही कळू दे."

मुलगी प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या कोटातच धावत आली होती. तिने मार्गदर्शक बाईंना विचारलं. फोन ठेवला आणि भिंतीला टेकली.

"बाबा, तुम्हाला पूड नव्हतीच. साखर होती."

हे कसनुसे हसले. "मग दुसऱ्यांना तरी गुण येतोय का?"

"खड्ड्यात गेले दुसरे!" ती ओरडली. पलीकडच्या पलंगावरची बाई दचकून बघायला लागली. "आकडे नकोत मला. किती दुखतंय ते सांगा. खरं सांगा."

ह्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, जणू परवानगी मागत होते. मग म्हणाले, "नाही गं सहन होत."

दाढ उपटून आल्यावरही हा माणूस 'ठीक आहे' म्हणून दुकानात गेला होता. डॉक्टरांच्या सगळ्या बोलण्याला मी घाबरले नव्हते एवढी ह्या तीन-चार शब्दांना घाबरले. मुलीने बापाचे पाय धरले, कारण हातांना हात लावायची सोय नव्हती. दुपार होत आली होती. मी खाली वाकून पिशवी बघितली. ती कोरडी होती.