ऑरिनच्या हाताला बसेल असं

"मूठ कसली ही, साबणाची वडी आहे नुसती!" ऑरिनने कुरकुरत चौथं रिव्हॉल्व्हर काउंटरवर ठेवलं.

त्याची बायको डेल्मा खिडकीतून बाहेरच्या गाडीकडे बघत राहिली. जाळी, मीठ, अंथरुणं सगळं भरून तयार होतं. सामन मासे नदीत चढू लागले की दोघं दर उन्हाळ्यात नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या आपल्या खोपटात जाऊन राहायची. माशांमागे अस्वलंही यायची. छातीशी हत्यार बांधल्याशिवाय अलास्कात तिकडे कुणी फिरकत नाही. पण जुनं रिव्हॉल्व्हर ऑरिनच्या हाताला बसेनासं झालं होतं; नवं मिळालं नाही, तर यंदाचं जाणं रद्दच.

"पहिलं जड, दुसरं हलकं, तिसऱ्याचा म्हणे झटका फार," दुकानदार लाइल म्हणाला. "म्हाताऱ्या, बंदूक निवडतोयस की बायको?"

"बायको घाईत निवडली होती," ऑरिन म्हणाला, पण हसला नाही.

लाइलने आणखी एक काढलं, चक्र उघडून रिकामं असल्याचं दाखवलं आणि पुढे केलं. ऑरिनने दोन्ही हातांनी भिंतीवरच्या हरणाच्या मुंडक्यावर नेम धरला. नळीचं टोक शिंगावरून कानावर, कानावरून छताकडे भरकटलं. लाइल एकदम काउंटर पुसायला लागला. घरी ऑरिनच्या कपातली कॉफी सांडली की डेल्माही अशीच काही न बोलता फडकं घेऊन धावायची.

"याचा घोडाच घट्ट..." ऑरिनने सुरुवात केली.

डेल्माने ते त्याच्या हातातून अलगद काढून घेतलं.

"बंदुकांना काही झालेलं नाही, ऑरिन. तुझे हात थरथरतात. आपण जाऊच, पण यंदा बंदूक मी बांधणार."